३८४ फॉर्म भरायलाच हवेत का? आणि मग २४ जणांवर मेंदूचं संशोधन कसं चालतं?

प्रश्न थोडक्यात असा: हॉटेल मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. चालू आहे, विषय सेवेचा दर्जा आणि पाहुण्यांची निष्ठा. गाइडनी पाहुण्यांकडून प्रश्नावलीचे ३८४ फॉर्म भरून आणायला सांगितलेत. तीन हॉटेलांतून १४० झाले, आता हॉटेलवाले दाद देत नाहीत. न्यूरोसायन्समध्ये पीएच.डी. करणाऱ्या मैत्रिणीचा पेपर मात्र २४ जणांवर छापून आला. "तिला २४ चालतात, तर मला १४० का चालत नाहीत?"

तक्रार रास्त आहे, पण इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ३८४ हा आकडा तुमच्या कामाचा आहे का, हा एक. तुमच्या १४० फॉर्मांत माहिती किती आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुधा "नाही" असं आहे, त्यामुळे तुम्हाला हायसं वाटेल. दुसऱ्याचं ऐकून तितकं वाटणार नाही.

आधी ३८४ चं मूळ बघू. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली एक तक्ता छापला: लोकसंख्या इतकी असेल तर नमुना इतका घ्या. १०० ला ८०, ५०० ला २१७, १,००० ला २७८, आणि दहा लाखांना ३८४. मॅनेजमेंटच्या प्रबंधांत हा तक्ता इतका फिरलाय की त्यामागचं गणित कुणी विचारत नाही. ते हातानेही करता येतं. १.९६ चा वर्ग घ्या, त्याला ०.५ ने दोनदा गुणा, आणि ०.०५ च्या वर्गाने भागा. उत्तर ३८४.१६. म्हणजे "किती टक्के लोक हो म्हणतात" हे ९५ टक्के खात्रीने, पाच टक्के इकडेतिकडे धरून सांगायचं असेल, तर ३८४ लागतात. त्यातही अट अशी की नमुना यादृच्छिक हवा, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी.

आता तुमचं काम बघा. तुम्हाला टक्केवारी काढायची नाही. तत्परता आणि निष्ठा यांचा संबंध आहे का, कामासाठी येणारे आणि फिरायला येणारे पाहुणे वेगळं मत देतात का, हे तपासायचंय. शिवाय गेल्या वर्षी तारांकित हॉटेलांत राहिलेल्या सगळ्या पाहुण्यांची यादी तुमच्याकडे नाही, कुणाकडेच नाही. तक्त्याच्या दोन्ही अटी इथे मोडतात. याचा अर्थ तक्ता चुकीचा आहे असा नाही. एखाद्या जिल्ह्यातल्या शंभर हॉटेल व्यवस्थापकांची यादी हातात असेल आणि त्यातले किती जण अमुक सॉफ्टवेअर वापरतात एवढंच हवं असेल, तर त्यातले ८० सरळ उचलावेत.

तुमच्यासारख्या प्रश्नाला नमुना किती लागतो, हे तुम्ही शोधताय तो परिणाम, म्हणजे तो संबंध किंवा फरक, किती मोठा आहे यावर ठरतं. नेहमीचे निकष धरू: सिग्निफिकन्सची पातळी, म्हणजे काहीच नसताना काहीतरी सापडलं असं म्हणण्याची चालवून घेतलेली शक्यता, ५ टक्के, आणि परिणाम खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, ८० टक्के. दोन गोष्टींतला सहसंबंध (० म्हणजे काही नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) ०.३ असेल तर साधारण ८५ जण पुरतात. ०.२ असेल तर १९४. ०.१ असेल तर ७८३. दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण-विचलनाइतका (प्रमाण-विचलन म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती विखुरलीत त्याचं माप) फरक असेल तर प्रत्येक गटात ६४ हवेत. फरक ०.२ इतकाच असेल तर प्रत्येक गटात ३९४ लागतात. परिणाम निम्मा झाला की नमुना साधारण चौपट होतो, एवढं डोक्यात ठेवलं तरी बरेच घोळ टळतात. हे सगळं जी-पॉवर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांत निघतं.

गट असमान असतील तर आणखी एक खाच आहे. १४० मध्ये ११० जण कामासाठी आलेले आणि ३० जण फिरायला आलेले असतील, तर तुलनेच्या दृष्टीने ते दोन्हीकडे साधारण ४७-४७ असल्यासारखे आहेत. पुढचे फॉर्म भरून घेताना लहान गटाकडे वळा. मोठ्या गटात भर घालून फारसं हाती लागत नाही.

परिणाम किती मोठा असेल हे आधी कसं कळणार, हा प्रश्न इथे सगळेच विचारतात. तीस जणांच्या पायलटवरून, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीवरून, काढू नका. तीस जणांत ०.३ सहसंबंध आला तर खरा आकडा उणे ०.०७ पासून ०.६० पर्यंत कुठेही असू शकतो, म्हणजे पायलटने काहीच सांगितलं नाही. पायलट विधानं कळतात का, फॉर्मला किती मिनिटं लागतात, कुठे लोक अडखळतात हे बघायला असतो. परिणामाचा अंदाज याच विषयावरच्या मोठ्या अभ्यासांवरून घ्या, आणि छापून आलेले आकडे फुगलेले असतात हे धरून थोडा खाली ओढा. किंवा उलटा विचार करा: सहसंबंध किती कमी असला तर हॉटेलवाल्याने त्याची पर्वा करू नये? ०.१ ला व्यवहारात अर्थ नसेल तर ७८३ जणांच्या मागे धावायचं कारण नाही.

आता मैत्रिणीचे २४. तिच्या प्रयोगात बहुधा प्रत्येक जण दोन्ही परिस्थितींतून गेला असणार. तुलना माणसामाणसांत नाही, एकाच माणसाच्या दोन अवस्थांत. त्यामुळे माणसामाणसांतला मुळातला फरक हिशोबातून निघून जातो. वर ज्या फरकाला दोन गटांत मिळून १२८ जण लागले, तोच प्रमाणित फरक जोडीच्या मापनात ३४ जणांत सापडतो. शिवाय प्रत्येकाकडून एकच उत्तर घेतलेलं नसतं. ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूचे विद्युत संकेत टिपण्याच्या, प्रयोगात एकाच माणसाला तोच आवाज किंवा तेच चित्र शेकडो वेळा दाखवतात आणि सरासरी काढतात. चौपट वेळा दाखवलं की सरासरीतला गोंगाट, म्हणजे योगायोगाने होणारा चढउतार, निम्म्यावर येतो. तिच्या २४ माणसांमागे हजारो मापनं आहेत. तुमच्याकडे प्रत्येक पाहुण्यामागे एक फॉर्म आहे, तोही चेक-आउटला टॅक्सी दारात उभी असताना भरलेला.

पण म्हणून २४ हा आकडा पवित्र ठरत नाही. "हे काम करताना मेंदूचा अमुक भाग जास्त चालतो का" याला २४ पुरू शकतात. "ज्यांना चिंता जास्त त्यांचा अमुक भाग जास्त चालतो का" याला नाही, कारण इथे तुलना पुन्हा माणसामाणसांत आली. २४ जणांत सहसंबंध ०.४० च्या पुढे गेल्याशिवाय सिग्निफिकंट येतच नाही. खरा सहसंबंध ०.२ असेल तर असे सहा-सात अभ्यास केल्यावर एखाद्यात तो "सापडतो", आणि सापडतो तेव्हा ०.४ च्या वर दिसतो, म्हणजे दुप्पट फुगून. न्यूरोसायन्सवाल्यांना हे स्वतःच्या क्षेत्राबद्दल चांगलं माहीत आहे. २०१३ साली बटन आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला की त्यांनी तपासलेल्या अभ्यासांची मध्यक पॉवर साधारण २१ टक्के निघते. २०२२ साली 'नेचर'मध्ये मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० जणांच्या स्कॅनवरून दाखवलं की मेंदूची रचना किंवा काम आणि माणसाचे गुण यांचा संबंध भरवशाने सांगायचा तर हजारो माणसं लागतात. तुमच्या मैत्रिणीचा पेपर यातल्या कुठल्या प्रकारचा आहे, यावर तिचे २४ पुरेसे की तुटपुंजे हे ठरेल.

म्हणून "तिला चालतं तर मला का नाही" ही तुलना सोडा. तुमची रचना वेगळी आहे, आणि तुमची खरी अडचण १४० या आकड्यात नाही, "तीन हॉटेलांतून" या दोन शब्दांत आहे.

एकाच हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांची मतं एकमेकांसारखी असतात. तोच नाश्ता, तीच लिफ्ट, तोच रिसेप्शनवरचा माणूस. त्यामुळे त्याच हॉटेलातला पुढचा पाहुणा नवी माहिती कमी आणतो. ती किती कमी हे मोजायला एक साधं सूत्र आहे: हॉटेलमागे जितके फॉर्म, त्यातून एक वजा करा, मतं किती सारखी आहेत त्या गुणांकाने गुणा, आणि एक मिळवा. जो आकडा येईल त्याने एकूण फॉर्मांना भागा. सारखेपणाचा गुणांक (गटांतर्गत सहसंबंध) ०.०५ धरू, जो काही फार मोठा नाही. तीन हॉटेलांत १४०, म्हणजे हॉटेलमागे सुमारे ४७. भाजक ३.३. तुमचे १४० फॉर्म खऱ्या हिशोबात ४२ झाले.

आता गाइडचं ऐकून त्याच तीन हॉटेलांतून ३८४ पूर्ण करा. हॉटेलमागे १२८, भाजक ७.३५, हातात ५२. आणखी २४४ फॉर्म भरून घेतले आणि कमाई दहाची. याउलट तेच १४० फॉर्म १४ हॉटेलांतून दहा-दहा घेतले असते तर भाजक १.४५ आणि हातात ९७. शितावरून भाताची परीक्षा होते ती त्या भांड्यापुरती. एकाच भांड्यातली शंभर शितं चाचपून शेजारच्या चुलीवरचा भात कळत नाही.

एक प्रामाणिक अट इथे घालायला हवी. हे सूत्र सरासरीला लागू पडतं. तत्परता आणि निष्ठा यांचा संबंध एकाच हॉटेलातल्या पाहुण्यापाहुण्यांत बघितला, तर नुकसान इतकं होत नाही. पण तारांकित दर्जा, हॉटेलचं ठिकाण, साखळीतलं की स्वतंत्र, असं हॉटेलपातळीवरचं काहीही तुमच्या मांडणीत असेल, तर तुमचा खरा नमुना तीन आहे. तीनवरून काहीही सिद्ध होत नाही, मग फॉर्म ३८४ असोत की ३,८४०.

तेव्हा पुढचे फॉर्म नव्या हॉटेलांतून घ्या. हॉटेलमागे दहा-बारा पुरेत. जमलं तर हॉटेलांची संख्या वीस-पंचवीसपर्यंत न्या, म्हणजे विश्लेषणात हॉटेल हा वेगळा स्तर धरता येईल. व्यवस्थापकाला "दीडशे पाहुण्यांकडून फॉर्म भरून द्या" म्हटलं तर तो टाळतो. "दोन दिवस, दहा पाहुणे, लॉबीत मी स्वतः बसतो" म्हटलं तर बरेचदा तयार होतो. स्वतः बसण्याचा दुसरा फायदा असा की फॉर्म कुणाला द्यायचा हे फ्रंट ऑफिसच्या हातात राहत नाही. त्यांच्यावर सोपवलं की खूश दिसणाऱ्या पाहुण्यालाच फॉर्म जातो, यात कुणाची लबाडी नसते, माणूस असाच वागतो. तुम्ही नियम ठरवा: चेक-आउट करणारा दर तिसरा पाहुणा. किती जणांना विचारलं, किती जणांनी नकार दिला, हे वहीत मांडा. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हा आकडा विचारला जातो आणि बहुतेकांकडे तो नसतो. दिवसही बदलते ठेवा. महाबळेश्वरचे सगळे फॉर्म मे महिन्यातल्या शनिवार-रविवारचे असतील तर तुम्ही गर्दीचा अभ्यास केलात, सेवेचा नाही.

आणि तो गूगल फॉर्म हॉटेल मॅनेजमेंटच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून आकडा भरून काढायचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच सोडा. ते पाहुणे नव्हेत.

फॉर्मबद्दलही बोलायला हवं, कारण या विषयावरचे निम्मे प्रबंध फॉर्ममध्येच अडकतात. तुम्ही बहुधा सर्व्हक्वाल वापरत असाल. पॅरासुरामन, झाइथॅमल आणि बेरी यांनी १९८८ साली दिलेल्या या मापकात २२ विधानं आणि पाच पैलू आहेत, आणि तीच २२ दोनदा विचारायची असतात: अपेक्षा काय होती, अनुभव काय आला. म्हणजे ४४, वर वय-उत्पन्न-व्यवसाय, वर निष्ठेची विधानं. पन्नाशी ओलांडलेला फॉर्म लॉबीत कुणी मनापासून भरत नाही. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ साली फक्त अनुभवाची २२ विधानं पुरतात असा पर्याय मांडला, तो घ्या. चेक-आउटच्या वेळी "येण्याआधी तुमची अपेक्षा काय होती" विचारून मिळणारं उत्तर तसंही अनुभवाने रंगलेलंच असतं.

१९८८ ची मूळ आवृत्ती घेतली असेल तर तत्परता आणि आपुलकी या पैलूंची विधानं नकारार्थी आहेत हे तपासा. १९९१ च्या सुधारित आवृत्तीत ती सरळ केली गेली. नकारार्थी विधानाचे गुण उलटवावे लागतात: पाच गुणांच्या पट्टीवर ६ वजा उत्तर, सातच्या पट्टीवर ८ वजा उत्तर. क्रॉनबाख अल्फा (एका पैलूची विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) ०.३ किंवा चक्क उणे आला तर नव्वद टक्के वेळा हेच राहिलेलं असतं, आणि विद्यार्थी मात्र विधानं काढून टाकत बसतो. दुसरं, मराठी रूपांतर करताना "कर्मचारी नम्र आणि तत्पर होते" असली दुहेरी विधानं आली असतील तर ती तोडा. नम्र होता पण अर्ध्या तासाने उगवला, अशा पाहुण्याने कुठल्या चौकोनात खूण करायची?

एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीचं प्रमाण-विचलन काढा. ते शून्य असेल तर त्या माणसाने वरपासून खालपर्यंत एकच आकडा गोल केलाय. असे फॉर्म वगळा, पण वगळायचा नियम निकाल बघण्याआधी लिहून ठेवा. उत्तर नसलेल्या जागी ९९ भरायची सवय असेल तर एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरला ते "मिसिंग" म्हणून सांगितलंय ना, हे बघा. पाचच्या पट्टीवर सरासरी ७.२ आलेले तक्ते प्रबंधांत छापलेले असतात.

यानंतर हायपोथिसिसची, म्हणजे तपासायच्या गृहीतकांची, यादी. पाच पैलू, आणि वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती अशा सहा गोष्टी, म्हणजे तीस चाचण्या. कशाचाच कशाशी काही संबंध नसला तरी तीसपैकी सरासरी दीड चाचण्या "सिग्निफिकंट" येणार, आणि चाचण्या स्वतंत्र धरल्या तर निदान एक तरी तशी येण्याची शक्यता ७८ टक्क्यांच्या आसपास. मग त्या एकावर पान-दीड पान चर्चा: विवाहित पाहुण्यांना आपुलकी जास्त का वाटते वगैरे. हा रोग तुमच्याच क्षेत्राचा नाही. २००९ साली बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं "दाखवली", आणि हजारो चाचण्यांसाठी करायची दुरुस्ती न केल्यास माशाच्या मेंदूत हालचाल दिसते हे दाखवून दिलं. २०१२ साली त्याला इग नोबेल, म्हणजे हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं. तुमचे उपाय दोन: मुख्य हायपोथिसिस तीन-चारच ठेवा, आणि बाकीच्यांना होमची दुरुस्ती (अनेक चाचण्या केल्यावर निकष कडक करण्याची पद्धत) लावून "शोधात्मक" असं स्पष्ट म्हणा. वैवाहिक स्थिती काढून टाकली तर कुणाचं काही बिघडत नाही.

तसंच, दर काही फॉर्मांनंतर चाचणी चालवून "आलं का, आलं का" बघू नका. एकूण पाच वेळा डोकावलं तर ५ टक्क्यांची चूक १४ टक्क्यांवर जाते. आणि सगळं संपल्यावर आलेल्या निकालावरूनच पॉवर काढून प्रबंधात टाकणं हे वरातीमागून घोडं आहे. पी-व्हॅल्यूत, म्हणजे सिग्निफिकन्स ठरवणाऱ्या आकड्यात, जे आहे तेच ते पुन्हा सांगतं. त्यापेक्षा प्रत्येक सहसंबंधाचा ९५ टक्के पट्टा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) द्या. फॉर्म खरोखर स्वतंत्र असतील तर १४० जणांत ०.३० आला, की पट्टा ०.१४ ते ०.४४. ३८४ मध्ये तोच ०.२१ ते ०.३९. यातला फरक तुमच्या निष्कर्षाला किती महत्त्वाचा आहे, ते तुम्हीच बघा.

गाइडकडे जाताना "सर, ३८४ चुकीचं आहे" अशी सुरुवात करू नका. बहुतेक गाइड हा आकडा धरून बसतात ते समितीत कुणी आक्षेप घेऊ नये म्हणून. त्यांना आकड्याऐवजी समर्थन हवं असतं. ते एका परिच्छेदात लिहून न्या, साधारण असं:

"प्रस्तुत अभ्यासाचा उद्देश प्रमाण अनुमानित करणे हा नसून चलांमधील संबंध तपासणे हा आहे. ०.२५ इतका सहसंबंध व्यवहारदृष्ट्या महत्त्वाचा मानून, ५ टक्के सिग्निफिकन्स पातळी व ८० टक्के पॉवर यांसाठी १२३ स्वतंत्र प्रतिसाद आवश्यक ठरतात. प्रत्येक हॉटेलातून १० प्रतिसाद व ०.०५ इतका गटांतर्गत सहसंबंध गृहीत धरून ही संख्या १.४५ ने वाढवली असता १७९ प्रतिसाद, म्हणजे १८ हॉटेले, आवश्यक आहेत."

यातले ०.२५ आणि ०.०५ तुमच्या वाचनाप्रमाणे बदला, आकडे त्यानुसार पुन्हा काढा. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, ३८४ आधीच मंजूर झालेला असेल तर तुमच्या विद्यापीठात बदलाची पद्धत काय आहे ते पीएच.डी. विभागात विचारा. काही ठिकाणी गाइडच्या सहीचं पत्र पुरतं, काही ठिकाणी समितीपुढे पुन्हा जावं लागतं. आणि बदल होतच नसेल तर ३८४ करा, पण निदान तीसेक हॉटेलांतून करा.

हातातले १४० टाकून देऊ नका. त्या तीन हॉटेलांतून प्रत्येकी दहा-बारा यादृच्छिक निवडून मुख्य विश्लेषणात घेता येतील, किंवा सगळे ठेवून हॉटेलचा स्तर मॉडेलमध्ये घालता येईल. दुसरा मार्ग बरा, माहिती वाया जात नाही. जामोव्ही या फुकट सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्येही ते जमतं, एसपीएसएसचा परवाना लागत नाही. फक्त त्यासाठी प्रत्येक फॉर्म कुठल्या हॉटेलातला आणि कुठल्या तारखेचा, हे दोन रकाने एक्सेलमध्ये असायला हवेत. ते आत्ता नसतील तर कागदी फॉर्मांचे गठ्ठे एकत्र मिसळण्याआधी, आजच, प्रत्येकावर हॉटेलचा सांकेतिक क्रमांक आणि तारीख घालून घ्या.